राणीची पाठराखीण

मुंग्यांशी माझं वैर लग्नापासूनचं. आमचं घर श्रीगोंद्याच्या बाजूला, सगळीकडे ऊस, आणि घरातले सगळे साखर कारखान्याचे सभासद. दिवाळीच्या तोंडावर सभासदांची साखर येते, ती पोत्याने येते आणि आम्हाला वर्षभर पुरते. मुंग्यांनाही ती वर्षभर पुरते. मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या, डब्यांच्या झाकणाखाली फडक्याची पट्टी, उंबऱ्यावर हळद, कोपऱ्यात हिंग, पोत्याभोवती मुंग्यांच्या खडूची रेघ, असा माझा सगळा बंदोबस्त असतो. तरीही त्या बारक्या लाल मुंग्या पोत्यात निघतातच. सासूबाई म्हणतात, हिने सीमेवर नोकरी करायला पाहिजे होती.

अशा माझ्या घरात गेल्या वर्षी राणी मुंगीचं बाळंतपण झालं, आणि ते मी केलं. हे आठवून आमच्या गल्लीतल्या बायका अजून हसतात. हसू देत. जिच्यापायी हे झालं ती माझी धाकटी जाऊ, आणि तिच्यापायी मी याहून वेडी कामं केलेली आहेत.

धाकटी राजूरकडची. तिकडे डोंगर, भात आणि चार महिने धो धो पाऊस. आमच्याकडे आला तर आला. लग्न होऊन आली त्या वर्षी भर श्रावणात आभाळाकडे बघून तिने मला विचारलं होतं की तुमच्याकडे पावसाळा नेमका कधी असतो. तिकडच्याच अकोल्याच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. दिसायला गरीब, बोलायला कमी, सगळ्यांचं सगळं ऐकून घेणारी आणि शेवटी स्वतःला हवं तेच करणारी. यातलं शेवटचं मला फार उशिरा कळलं.

तिच्या लग्नात तिची चुलत बहीण पाठराखीण म्हणून आली होती. नवी नवरी परक्या घरात बावरू नये म्हणून माहेरची एक मुलगी सोबत येते, चार दिवस राहते आणि परत जाते. ही चुलत बहीण मोठी बडबडी होती. चार दिवसांत तिने आमच्या म्हशींचीसुद्धा विचारपूस केली. ती गेली त्या दुपारी धाकटी गोठ्यात जाऊन एका म्हशीच्या पाठीवर हात ठेवून रडत उभी होती. मला भरून आलं. मी तिला हाताला धरून आत आणलं आणि म्हणाले, आजपासून तुझी पाठराखीण मी. बोलले तशी वागलेही. तिला कोणती साडी खुलते, भाजीत तिखट किती, माहेरी फोन कधी करायचा, बाळाला न्हाऊ कोणी घालायचं, कुठल्या डॉक्टरकडे जायचं, सगळ्यात मी तिच्या सोबत. तिला एक दिवस एकटं वाटू दिलं नाही.

आणि गेल्या वर्षी धाकट्या दिरांनी राहात्याला ठिबकच्या नळ्यांचं दुकान टाकायचं ठरवलं. दुकान म्हणजे तिथे बिऱ्हाड आलं, आणि बिऱ्हाड म्हणजे धाकटी आणि तिची लेक गेल्या. मुहूर्त दसऱ्याचा. शेत एकत्रच राहणार होतं, फक्त चूल वेगळी होणार होती, आणि पुरुषांना त्यात विशेष काही वाटत नव्हतं, कारण चुलीपाशी ते कधी बसलेच नव्हते. मला मात्र ते अजिबात नको होतं. माझ्या घरातून ती जायला नको होती, मग कारण काही का असेना. मी आमच्या ह्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, "बरं." आमचे हे गेली कित्येक वर्षं प्रत्येक गोष्टीला बरं म्हणत आले आहेत आणि त्यामुळे त्यांचं काही बिघडलेलं नाही. धाकटीला विचारलं, तर ती म्हणाली, हे म्हणतील तसं. म्हणजे तिलाही जायचं नाही, असा मी अर्थ काढला.

मुंग्या निघाल्या तो सर्वपित्रीचा दिवस होता. सकाळी परतीच्या पावसाची एक सर पडून गेली होती आणि दुपारी लख्ख ऊन पडलं होतं. अंगणात पान ठेवून आम्ही कावळ्याची वाट बघत होतो. कावळा काही येईना, पण जमिनीतून पंखवाल्या मुंग्या निघाल्या आणि अंगणभर उडायला लागल्या. धाकटी आत वडे तळत होती. तिने खिडकीतून पाहिलं, झारा कढईत तसाच सोडला आणि बाहेर धावली. मला वाटलं, कावळा आला. बघते तर ही बाई ओल्या मातीत गुडघ्यांवर बसून ओंजळीत काहीतरी धरत होती. सासूबाईंनी बजावलं की पितर कावळ्याच्या रूपात येतात, मुंगीच्या नव्हे. वडे करपले.

पहिल्यांदा तिच्या हाताला लागला त्याचं डोकं एवढंसं आणि पंख अंगाबाहेर. तो तिने सोडून दिला. नर होता म्हणे, एक-दोन दिवसांचा पाहुणा. दुसरी मी पकडून दिली, मोठ्या ऐटीत, तर ती हसायला लागली. ती मुंगी नव्हतीच, वाळवी होती. मुंगीची कंबर बारीक असते आणि मिशीला कोपरासारखा बाक असतो. वाळवी वरपासून खालपर्यंत सारखीच जाड, आणि तिचे चारही पंख एका मापाचे. मी म्हटलं, कंबर नाही म्हणून बाहेर काढायचं ठरवलं तर आपल्या घरात कोण उरेल. शेवटी धुण्याच्या दगडापाशी तिला हवी होती ती सापडली. हिला पंख नव्हते. ते तिने झाडून टाकले होते आणि पाठीवर त्यांच्या नुसत्या खुणा उरल्या होत्या. खांद्याकडचा भाग चांगला भरलेला, पोट टपोरं, आणि चाल घाईची, जागा शोधत असल्यासारखी. नराशी गाठ पडली की राणी पंख टाकते, जमिनीत शिरून दार लावून घेते आणि एकटीने पहिली पोरं वाढवते, असं धाकटीने सांगितलं. राणी तांबूस होती आणि आमच्या रोजच्या मुंग्यांच्या मानाने केवढी तरी मोठी. ही मुंगळ्याचीच राणी, असं मी जाहीर करून टाकलं. धाकटी म्हणाली, आसंल.

राणीला ठेवायचं कशात, हा प्रश्न मला पडला, तिला नाही. तिने आत जाऊन माहेरची ट्रंक उघडली आणि तळातून जुन्या ओढणीत गुंडाळलेल्या दोन परीक्षानळ्या काढून आणल्या. कॉलेजातल्या. त्या हरवल्याचं कॉलेजला कळलं होतं की नाही, ते मी विचारलं नाही. तिच्या ट्रंकेतली साडीन् साडी मला पाठ होती, पण या नळ्या इतक्या वर्षांत तिने मला दाखवल्या नव्हत्या. मला ते जरा लागलंच. नळीच्या तळाशी तिने पाणी घातलं, त्यावर कापसाचा घट्ट बोळा बसवला, म्हणजे ओल येत राहील पण पाणी पुढे येणार नाही. मग राणीला आत सोडलं आणि तोंडाशी पुन्हा कापूस लावला, हवा खेळेल इतपत सैल. दुसरी नळी परत ओढणीत गेली.

संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावताना मला अगदी तशीच दुसरी राणी सापडली. धाकटी दुसरी नळी आणायला उठली, तेव्हा मी तिला थांबवलं. नवी जागा, काचेची खोली, ना ओळख ना शेजार, एकटा जीव कसा राहील, असं मी म्हणाले. हिला तिच्या सोबत ठेवू, पाठराखीण म्हणून. धाकटी म्हणाली, राण्या बहुतेक एकट्याच राहतात, त्यांना तसंच हवं असतं. मी म्हटलं, तिला काय हवंय ते तुला येऊन सांगितलं का तिने. घरात मोठी मी, त्यामुळे दुसरी राणीही त्याच नळीत गेली. थोडा वेळ दोघी दोन टोकांना बसल्या. मग जवळ आल्या, मिशांनी एकमेकींना चाचपलं, आणि ओल्या कापसाला टेकून शेजारीशेजारी बसल्या. मी धाकटीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी घट बसले. नळी फडक्यात गुंडाळून धाकटीने बिस्किटांच्या जुन्या डब्यात ठेवली आणि डबा माझ्या मांडणीवर चढवला, कारण मांडणीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या होत्या. बाहेरच्या मुंग्या येऊन राणीला मारू शकतात म्हणे. म्हणजे ज्या बंदोबस्ताने मी इतकी वर्षं मुंग्यांना बाहेर ठेवलं, तोच आता दोन मुंग्यांवर पहारा करत होता.

राणीची निगा राखायची म्हणजे काहीच करायचं नाही, हे मला पटायला वेळ लागला. तिला खायला द्यायचं नाही. उडण्यासाठी असलेली खांद्यातली ताकद आता तिच्या कामाची नसते, तीच जिरवून ती पोरांना भरवते. उजेड दाखवायचा नाही. हलवायचं नाही. उठसूट बघायचं तर अजिबातच नाही, कारण त्रास झाला की राणी स्वतःची अंडी खाऊन टाकते. आता ज्या घरात पत्ता विचारायला आलेल्यालाही चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत, तिथे दोन जिवांना उपाशी ठेवायचं म्हणजे अवघडच. सासूबाई उपासाच्या भगरीचं शीत घेऊन आल्या. आमच्या ह्यांनी गुळाचा खडा चालेल का म्हणून विचारलं. मी सगळ्यांना हाकललं, आणि सगळे गेल्यावर फडकं हळूच वर करून स्वतः बघितलं. दिवसातून एकदाच बघायचे. फार तर दोनदा. धाकटीला ते कसं कळायचं कुणास ठाऊक, पण स्वयंपाकघरात आली की ती आधी फडक्याच्या घडीकडे बघायची.

चार-पाच माळा झाल्या आणि नळीत अंडी दिसली. पांढरी, साखरेच्या दाण्याहून बारीक, एकमेकांना चिकटून एवढासा पुंजका झालेला. दोघी आळीपाळीने तो चाटायच्या, तोंडात धरून इकडून तिकडे न्यायच्या. कुठलं अंडं कुणाचं ते काही कळत नव्हतं. आमच्या घरात तरी कुठे कळत होतं. माझी मुलगी धाकटीच्या हातचं जेवून मोठी झाली आणि धाकटीची लेक माझ्या कुशीत झोपून. घरातल्यांनी राण्यांना मोठी आणि धाकटी म्हणायला सुरुवात केली. जी सारखी दुसरीच्या अंगावरून फिरायची, तिला जागेवर बसू द्यायची नाही, ती मोठी. यावर मी रागावले, पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

माझा मात्र त्या दोघींवर जीव जडला. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की या दोघी एका नळीत सुखाने नांदल्या तर ते धाकटीला दिसेल, दिरांनाही दिसेल, आणि टेम्पो ठरवायच्या आत कुणाचं तरी मन फिरेल. हे मी बोलून दाखवलं नाही. बोलले असते तर सगळे हसले असते.

अष्टमीच्या सकाळी धाकटीने नळी हातात घेतली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, यांना आता वेगळं करावं लागेल. मोबाईलवर मुंग्या पाळणाऱ्यांचा एक ग्रूप आहे, तिथे तिने फोटो टाकला होता. तिने मला समजावलं की काही जातींत राण्या सुरुवातीला अशा जोडीने राहतात, पण पहिल्या कामकरी मुंग्या बाहेर आल्या की भांडण लागतं आणि एकच राणी उरते. ही जात कुठली ते नुसत्या राणीवरून सांगणं अवघड. कामकरी दिसल्या की कळेल, पण तोवर उशीर झालेला असेल. मी विचारलं, दोघींतली कोण मरते. ती म्हणाली, ते सांगता येत नाही.

त्याच दुपारी भांड्यांची वाटणी होती. आमच्याकडची रीत अशी की वाटे मोठ्याने पाडायचे आणि आधी उचलायचं धाकट्याने. त्यामुळे वाटे पाडणाऱ्याचा हात आपोआप सरळ राहतो. पुरुष ही रीत जमिनीला लावतात, आम्ही बायकांनी भांड्यांना लावली. मी ओसरीत दोन ढीग मांडले. माझा हात काही सरळ राहिला नाही; मोठी कढई, पितळी परात आणि नवा कुकर मी एकाच ढिगात घातला आणि तो तिच्या बाजूला सरकवला. तिने दुसरा उचलला, ज्यात दांडा हलणारी कढई होती. मला इतका राग आला की मी तिच्याशी बोलणंच सोडलं.

पण राण्यांची वाटणीही त्याच दिवशी उरकायची होती, त्यामुळे अबोला फार टिकला नाही. दुसरी नळी ओढणीतून निघाली. पाणी, बोळा, सगळं धाकटीने तयार केलं, आणि तिच्या लेकीचा चित्रांचा ब्रश ओला करून माझ्या हातात दिला. वाटे तुम्ही पाडा, मोठ्या तुम्ही, असं म्हणाली. ब्रशच्या टोकाला पुंजका आख्खाच चिकटून वर आला आणि तो मला तोडवेना. शेवटी बशीत ठेवून त्याचे दोन भाग केले, एक मोठा आणि एक लहान. मुद्दामच केले. मोठा भाग एका नळीत घातला आणि टपोऱ्या पोटाची राणीही तिथेच सोडली, लहान भाग आणि दुसरी राणी दुसऱ्या नळीत. धाकटीने दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या आणि लहान वाट्याची नळी उचलली.

मी म्हटलं, अगं, घ्यायचं तर नीट घे, मला काय दान देतेस का.

"तुमच्याकडं जास्ती असू द्या, ताई," ती म्हणाली. "तुमी रोज फडकं उचलणार, ती रोज चार अंडी खाणार. उरली तर पायजेत ना."

मला हसूही आलं आणि रडूही आलं. सासूबाई आतून विचारत होत्या, काय झालं, कोण मेलं.

दसऱ्याला सोनं वाटून झालं आणि टेम्पो निघाला. सगळे रडले. सासूबाई रडल्या, दिरांचेसुद्धा डोळे भरले, आमचे हे गोठ्यात जाऊन आले. धाकटी रडली नाही. धीराची आहे, असं मी मनाशी म्हटलं. नळी पदरात गुंडाळून ती पुढे बसली होती. खड्ड्यात हिसका बसू देऊ नको, पोहोचल्यावर फोन कर, कढईचा दांडा बसवून घे, असं सांगत मी टेम्पोबरोबर थोडं चालले. टेम्पो डांबरीला लागल्यावर परत आले आणि मांडणीवरचा डबा उघडला. राणी एकटीच बसली होती. मला ते बघवेना, म्हणून मी फडकं पुन्हा उचलायला धजले नाही. धाकटीने सांगून सांगून जे झालं नव्हतं, ते असं आपोआप झालं.

वसुबारसेला कारखान्याची साखर आली. पोतं ठेवायला जागा करायची म्हणून मी डबा खाली घेतला आणि फडकं काढलं. नळीत राणीभोवती पोरी फिरत होत्या. केवढ्याशा, फिकट, नव्या नव्या. राणी मधोमध बसलेली आणि त्या तिला चाटत होत्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग चष्मा लावून नीट बघितलं. ते मुंगळे नव्हते. त्या लाल होत्या. माझ्या अख्ख्या संसारात ज्यांना मी खडू, हळद आणि हिंग घालून हाकलत आले, त्याच बारक्या लाल मुंग्या. मी वैऱ्याचं बाळंतपण केलं होतं, आणि वर पहाराही दिला होता. आमचे हे वाकून बघून म्हणाले, "बरं."

पोरी आल्या की साखरपाण्याचा थेंब आणि एखादी मेलेली माशी द्यायची, असं धाकटीने जाताना सांगून ठेवलं होतं. मी नव्या पोत्याची शिवण उसवली, पहिली चिमूट पाण्यात विरघळवली आणि काडीने थेंब नळीत सोडला. नवी साखर आमच्याकडे आधी देवापुढे ठेवतात. गेल्या वर्षी देवाला दुसरी चिमूट मिळाली.

धाकटीला मी फोटो पाठवला. तिने नुसतं "छान" असं लिहिलं. माझी मुलगी कॉलेजच्या सुट्टीत पुण्याहून आली होती. तिने तो फोटो त्याच ग्रूपवर दाखवून विचारलं आणि आलेलं उत्तर मला वाचून दाखवलं. या जातीच्या राण्या पुष्कळदा जोडीने वारूळ मांडतात आणि पुढेही एकत्र राहतात. वेगळं करायची काही गरज नव्हती. आणि ती म्हणाली, काकूच्या नवरात्रातल्या फोटोखालीही हेच तर उत्तर आहे, आणि काकूने त्यांचे आभारही मानलेत.

मला आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा असा राग आला की भाऊबीज कशीबशी पार पाडली आणि दुसऱ्या दिवशी फोन न करता निघाले. नगरला गाडी बदलली आणि दुपारी राहात्याला तिच्या दारात उभी राहिले.

आतून तिचा आवाज येत होता. ठिबकच्या नळ्यांच्या मापावरून ती कुणाशी तरी फोनवर भांडत होती, चांगली खणखणीत. तिला एवढा मोठा आवाज आहे हे मला माहीत नव्हतं. मला बघितल्यावर तिने फोन ठेवला, पाया पडली आणि मला खुर्चीवर बसवलं. पाणी घ्यायला मी आपली उठले, तर पेले कुठे आहेत ते मला सापडेना. माझ्या स्वयंपाकघरात जे उजवीकडे, ते इथे डावीकडे होतं. कढईला नवा दांडा बसला होता. राणीची नळी उजेड लागू नये म्हणून लाल कागदात गुंडाळून खिडकीत ठेवली होती, तिच्याजवळ एक भिंग होतं, आणि त्याला हात लावायचा नाही हे बहुतेक घरात सगळ्यांना माहीत असावं. तिची लेक बाहेरून खेळून आली, चपला भिरकावल्या, खिडकीला वळसा घालून माझ्या गळ्यात पडली आणि परत खेळायला पळाली.

मग मी भांडायला सुरुवात केली. खोटं का बोललीस, त्या दोघी नांदत होत्या, तुला माहीत होतं, माझ्या हाताने त्यांची ताटातूट करवलीस, असं सगळं बोलले. बोलताना मुंग्यांपासून निघाले आणि कढईवर, परातीवर, दसऱ्यावर कधी पोहोचले ते मला कळलं नाही. तिने सगळं ऐकून घेतलं.

"मला ठाऊक हुतं, ताई," ती म्हणाली. "दुकान हितं टाकायचं, हे बी मीच म्हणलं हुतं ह्यांना. तुमाला कसं सांगावं तेच कळंना. तुमी माझं लई केलं." मग जराशी हसली, डोळे पुसत. "पर पाठराखीण चार दिसांनी परत जाती, ताई. तुमी गेलाच न्हाई."

मला दुखलं. फार दुखलं. तिला मी नकोशी झाले नव्हते, तिला नुसतं स्वतःचं दार हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं, तरी दुखलं. मी उठून खिडकीपाशी गेले आणि लाल कागद जरासा बाजूला केला. तिच्या नळीत माझ्याहून जास्त पोरी होत्या. लहान वाटा तिने उचलला होता. पण इथे कुणी रोज फडकं उचललं नव्हतं.

कागद परत नीट लावला. चहा झाल्यावर मी तिला विचारलं, तुझ्या राणीला सोबत म्हणून माझी आणून देऊ का. ती म्हणाली, आता नको, आता दोघींच्या पोरी भांडतील, आणि आता तिला सोबतीची गरजही नाही. मी म्हटलं, बरं. आमच्या ह्यांना या शब्दाची सवय का लागली असेल ते मला त्या दिवशी थोडं कळलं.

तिने मला राहायचा आग्रह केला आणि मी चार दिवस राहिले. विचारल्याशिवाय कशात मीठ टाकलं नाही. एकदा सवयीने झारा हातात घेतला, तो तिने हळूच काढून घेतला, आणि मी पाटावर बसून गरम पुरी खाल्ली. दांडा बसवलेल्या कढईतली पुरी चांगली फुगते, हे मला मान्य करावं लागलं. चौथ्या दिवशी मी पिशवी भरली. अजून राहा की, म्हणून ती मागे लागली, लेकीने पदर धरला, पण मी ऐकलं नाही.

स्टँडवर तिने माझी ओटी भरली. मी खिडकीशी बसले. तिला म्हशींना पेंड किती घालायची ते सांगणार होते, मग आठवलं की तिच्याकडे म्हशी नाहीत. गाडी हलली, तशी ती तोंडाला पदर लावून रडायला लागली, आणि मला फार बरं वाटलं.